मधात ठेवा

वीस टनांची पोकलेन बार्जच्या, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेच्या, बरोब्बर मधोमध उभी केली, की बार्ज साडेसात सेंटिमीटर खाली बसते. आमची बार्ज ३० मीटर लांब आणि ९ मीटर रुंद होती, म्हणजे तळ २७० चौरस मीटरचा. तेवढ्या तळाखालचं दहा सेंटिमीटर पाणी बाजूला सरलं तर ते २७ घनमीटर, म्हणजे २७ टन. त्या हिशोबाने वीस टनांना साडेसात. एका बोटाएवढं माप.

पण मशीन काही आभाळातून मधोमध उतरत नाही. ती काठावरून, रॅम्पवरून चढते, आणि चढते तेव्हा तिचा सगळा भार बार्जच्या एका टोकावर असतो. त्या घडीला ते टोक २८ सेंटिमीटर दबतं आणि पलीकडचं टोक १३ सेंटिमीटर वर उचललं जातं. वजन तेच, पाणी तेच, फक्त जागा बदलली. पाइलिंग रिगचा, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल भोकं पाडणाऱ्या मशीनचा, मास्ट (उभा खांब) उतरवून ठेवला तरी ती ५० टनांच्या आसपास भरत होती. तिचा हिशोब मांडला तेव्हा ७० सेंटिमीटर आले. मी वही मिटली, परत उघडली आणि पहिल्यापासून पुन्हा गुणाकार केला.

ही वही माझ्याजवळ अजून आहे. आसामात, ब्रह्मपुत्रेच्या काठावर, जोरहाटजवळच्या निमाती घाटाच्या थोडं पुढे आम्ही एक तात्पुरता घाट तयार केला होता. तिथे पहाटेच्या धुक्यात पेट्रोमॅक्ससारख्या एका दिव्याखाली बसून मी ते आकडे लिहिले. पानांना अजून डिझेलचा वास आहे.

मी नागपूरचा. रस्ते-पुलांची कामं घेणाऱ्या एका कंपनीच्या प्लांट आणि मशिनरी विभागात माझी सव्वीस वर्षं गेली. मशीन विकत घेणं माझं काम नव्हतं, चालवणंही नाही. ती एका साइटवरून दुसऱ्या साइटवर धडपणे पोचवणं, हे माझं काम. आणि नागपुरात बसून हे काम करणाऱ्या माणसाला रस्त्याखेरीज दुसरं काही सुचत नाही. महामार्ग ४४ आणि महामार्ग ५३ आमच्या इथे एकमेकांना छेदतात. लोबेड, म्हणजे बुटक्या पाठीचा, ट्रेलर भरला की चारी दिशा मोकळ्या. कोराडीला ६६० मेगावॉटचे तीन संच उभे राहत होते, त्या काळात शहराच्या कडेने जाणारे लांबच लांब ट्रेलर आम्ही उभं राहून पाहायचो. चाकं मोजता मोजता चुकायची. पुढे एक पोरगा बांबू घेऊन चालायचा आणि आडवी आलेली विजेची तार त्या बांबूने वर उचलून धरायचा. तेवढ्यात ट्रेलर खालून सरकायचा. त्या पोराकडे पाहून मला नेहमी वाटायचं, एवढ्या सगळ्या लोखंडाचा भरवसा शेवटी एका बांबूवर आहे.

रस्त्याचं गणित रुंदीचं असतं. मालवाहू गाडीला २.६ मीटर रुंदीची मर्यादा आहे आणि साधी वीस टनी पोकलेनही २.८ च्या घरात जाते. म्हणजे ती लोबेडवर चढली की ओडीसी, म्हणजे मापाबाहेरचा माल, झाली, वेगळी परवानगी लागली, लाल झेंडे लागले, रात्रीचा मुक्काम ठरला. नदीला रुंदीचं काही वाटत नाही. नदीचं गणित खोलीचं. हे मला पन्नाशीच्या जवळ आल्यावर कळलं. खरं म्हणजे ते मला वयाच्या दहाव्या वर्षीच दाखवलं गेलं होतं.

माझं आजोळ पवनीजवळ, वैनगंगेच्या काठी. मामाची तीन एकर धानाची जमीन नदीच्या पलीकडे होती. एका उन्हाळ्यात मामाने ऑइल इंजिन घेतलं, पाच हॉर्सपॉवरचं, सेकंडहँड. रस्त्याने नेलं असतं तर लांबच्या पुलावरून अख्खा दिवस मोडला असता आणि बंडीच्या धक्क्यांनी इंजिनाचा पाया हलला असता. म्हणून ते डोंग्यातून न्यायचं ठरलं. घाटावरच्या आबांनी दोन डोंगे एकमेकांना बांधले, वर सागाच्या फळ्या आडव्या टाकल्या, फळ्यांवर भाताचं तणस पसरलं. सहा माणसांनी इंजिन दोरांनी उचलून आणलं. मामा म्हणाला, काठाजवळच ठेवू, उतरवायला सोपं जाईल. आबा कमरेभर पाण्यात उभे होते. त्यांनी मान हलवली.

“मधात ठेवा. मधात.”

“अहो आबा, उतरवताना मग पुन्हा ओढावं लागन न.”

“ओढू. पण आधी मधात.”

इंजिन मधात ठेवलं. मग आबांनी मला उचलून इंजिनाच्या उलट्या बाजूला बसवलं, म्हणाले, हलू नको. मी तेव्हा असेन पंचवीस किलोचा. इंजिनाचा तोल माझ्यामुळे साधला असं काही नसणार, पण डोंगा थोडा डावीकडे कलला होता तो सरळ झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आबांनी बांबू रोवला आणि आम्ही निघालो. आवाज नव्हता. वैनगंगेत त्या दिवसांत रेतीचे पट्टे उघडे पडलेले असतात आणि त्यांच्या मधून पाण्याची वाट नागमोडी जाते. आबा सरळ गेले नाहीत. आधी वरच्या अंगाला गेले, मग एका डोहाला वळसा घातला, मग खाली आले. मामा सारखा म्हणत होता, समोरच तर आहे. आबा काही बोलले नाहीत.

ब्रह्मपुत्रेवर असताना मला हे सगळं जसंच्या तसं आठवलं. आमच्याकडे आबा नव्हते, सारंग होते, म्हणजे नाव हाकणारे मुख्य. हा शब्द कोकणातल्या दर्यावर्दींचाही आहे आणि तिकडचाही. साठीच्या पुढचे, कृश, पायात रबरी चपला. आमच्या टगवर, म्हणजे बार्ज ढकलणाऱ्या बोटीवर, इकोसाउंडर होता, खोलीचे आकडे लाल अक्षरांत दाखवणारा. सारंग तो पाहायचे आणि तरी बार्जच्या नाकावर एक पोरगा बांबू घेऊन उभा करायचे. बांबूवर हात-हाताच्या अंतराने चिंध्या बांधलेल्या. पोरगा बांबू टाकायचा, उचलायचा आणि ओरडायचा, “चार हाथ! चार हाथ! साडे-तीन!” हात हे माप आपलंच. आमच्याकडे धोतर-लुगडंही हातांनीच मोजायचे. दोन हजार किलोमीटरवर आपलं माप पाण्यावरून ऐकू आलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

ब्रह्मपुत्रा १९८८ पासून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २ आहे. धुबरीपासून सदियापर्यंत ८९१ किलोमीटर. धुबरी ते निमाती अडीच मीटर खोली राखायची, निमाती ते दिब्रुगड दोन मीटर, त्यावर दीड मीटर, असं ठरलेलं आहे. राखायची कशी, हे मी तिथे पाहिलं. पात्रात बांबूचे खुंट तिरप्या ओळीत रोवतात आणि त्यांना चटया बांधतात, पाण्याच्या वरच्या थरापुरत्या. त्याला बांडाल म्हणतात. वरचं पाणी चटईला अडून वाटेकडे वळतं, तिथला प्रवाह जोर धरतो आणि तळची रेती स्वतःच उपसत जातो. चटईमागे गाळ साचतो, वाटेत खोली मिळते. ड्रेजर आहेत, पण इतक्या मोठ्या नदीला पुरणार किती? बांबू, चटई आणि नदीचाच जोर. मी त्या चटयांपाशी तासभर होडी थांबवून बसलो होतो. इतकी शहाणी रचना मी फार थोड्या साइटवर पाहिली आहे.

पण आमची साइट त्या राखलेल्या वाटेवर नव्हती. ती माजुली या नदीतल्या बेटाच्या वरच्या अंगाला, मुख्य धारेतून फुटलेल्या एका फाट्यावर होती, आणि नकाशातल्या दोन-अडीच मीटरांशी त्या फाट्याचं काही नातं नव्हतं. सारंगांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं: दिवाळीच्या आत निघा. दिवाळीनंतर पाणी रोज उतरतं, आणि ते फाट्यातून आधी उतरतं. मी तसं मुख्य कार्यालयाला कळवलं. बार्जच्या भाड्याची आगाऊ रक्कम मंजूर व्हायला हवी होती. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले. मंजुरी आली ती दिवाळीनंतर नऊ दिवसांनी. त्या नऊ दिवसांत मी रोज सकाळी घाटावर रोवलेल्या खुंटीवर खडूने पाण्याची रेघ मारत होतो. नऊ दिवसांच्या नऊ रेघा, सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत खालची यांच्यात ३१ सेंटिमीटर. मला आजही त्याचा राग येतो. कागद नऊ दिवसांनी पुढे सरकला तरी चालतं, ही समजूत कार्यालयात असते. नदी त्या समजुतीत नसते.

तर लोडिंग. रिग आधी चढवायची, कारण ती जड आणि तिला मधली जागा हवी. ७० सेंटिमीटरचा आकडा माझ्या डोक्यात होता, म्हणून पलीकडच्या टोकाच्या टाकीत आधी पाणी भरलं, म्हणजे ते टोक दाबलेलं राहील आणि काठाकडचं टोक उचललेलं. टाकी भरायची तर काठोकाठ, नाहीतर पूर्ण रिकामी. अर्धी टाकी सगळ्यांत वाईट. बार्ज जरा कलली की आतलं पाणी त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. रॅम्पच्या पत्र्यावर सालवृक्षाच्या लाकडाचे स्लीपर टाकले, कारण पोकलेनचे ट्रॅक लोखंडाचे आणि डेकही लोखंडाचं, दवाने दोन्ही ओले. लोखंडावर लोखंड बर्फासारखं घसरतं.

रिग चालवणारे आमचे ऑपरेटर उमरेडचे. वयाने माझ्याहून मोठे, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, मी पण. ते कॅबिनमध्ये चढण्याआधी खाली उतरून रॅम्पच्या बिजागरीला हात लावून आले. मी म्हटलं, “उस्ताद, थांबू का थोडं? धुकं जाऊ दे.” ते म्हणाले, “काहून घाबरून राहिले साहेब? तुमी फक्त त्या टोकाकडं पाहत राहा. हात वर केला तं मी थांबतो.”

मी बार्जच्या काठाकडच्या टोकाला, रॅम्पच्या बाजूला उभा राहिलो. रिगचे ट्रॅक रॅम्पवर आले. रॅम्प कुरकुरला, बसला. मग पुढचा भाग डेकवर आला आणि पायाखालची जमीन खाली जाऊ लागली. जमीनच म्हणतो, कारण तोपर्यंत मला ते डेक म्हणजे जमीनच वाटत होतं. झटका नव्हता, आवाज नव्हता. लिफ्ट सुरू होताना पोटात होतं तसं काहीतरी झालं. बार्जच्या अंगावर मी पांढऱ्या रंगाने आखलेल्या रेघा एकेक करून पाण्याखाली गेल्या. दहा, वीस, तीस. चाळीसच्या रेघेजवळ पाणी थांबलं. भरलेली टाकी आपलं काम करत होती. उस्तादांनी रिग थांबवली नाही, वेगही वाढवला नाही. माणूस अंधारात पायरी चाचपत उतरतो त्या गतीने ती मधाकडे सरकत राहिली, आणि जशी सरकत गेली तशा रेघा एकेक करून परत वर आल्या. ओल्या, चमकणाऱ्या. तीस, वीस.

माझ्या तोंडून नकळत निघून गेलं, “मधात. अजून मधात.”

त्यानंतर दोन पोकलेन, एक रोलर, एक जनरेटर. बकेट लाकडावर टेकवल्या, स्विंग लॉक लावले, चारी कोपऱ्यांना साखळ्या आणि टर्नबकल. सगळं मिळून ११० टनांचा भार. बार्ज रिकामी असताना सुमारे अर्धा मीटर पाण्यात बसायची, ती आता ९० सेंटिमीटरवर होती. दोन हात.

रस्त्याने हेच ओझं न्यायचं तर पाच लोबेड लागले असते. असं सांगतात की एक हॉर्सपॉवर रस्त्यावर १५० किलो ओढतो, रुळांवर ५०० आणि पाण्यावर ४,०००. मामाच्या पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनाला या हिशोबाने पाण्यावर वीस टन ओढता आले असते, म्हणजे एक अख्खी पोकलेन. त्या इंजिनाने आयुष्यभर धानाला पाणी दिलं, त्यातही काही कमी नव्हतं.

फाट्याच्या तोंडाशी आम्ही अडकलो. बार्ज नाही, टग अडकला. याचा विचार आमच्यापैकी कोणी नीट केला नव्हता. बार्ज दोन हात पाण्यात होती, पण तिला ढकलणाऱ्या टगचा पंखा तीन हातांवर फिरत होता. बांबूवाल्या पोराने “ढाई हाथ” म्हटलं आणि त्याच क्षणी टगखालून गढूळ पाणी उकळल्यासारखं वर आलं. सारंगांनी इंजिन बंद केलं. पुढचे तीन दिवस आम्ही तिथेच होतो. दोन्ही बाजूंना पांढरी रेती, मधे आम्ही, आणि लोखंडाचा एवढा मोठा ढीग की तो पाहायला चापोरीवरची पोरं म्हशींसकट काठावर येऊन बसायची. चापोरी म्हणजे नदीने घडवलेलं बेट, जे पुढल्या वर्षी असेल किंवा नसेल. माजुली हा २०१६ मध्ये झालेला देशातला पहिला नदीबेटाचा जिल्हा. पण त्या जिल्ह्याच्या कडा दर पुरात कापल्या जातात. आम्ही रस्त्याचं जे काम करायला निघालो होतो त्याची गरज मला त्या तीन दिवसांत त्या पोरांच्या घरांकडे पाहून कळली. त्यांची घरं बांबूच्या खांबांवर, जमिनीपासून उंच होती. एकाने सांगितलं, हे आमचं चौथं घर, आधीची तीन आता नदीत आहेत.

शेवटी टग मुख्य धारेत परत सोडला. एका लहान होडीतून नांगर पुढे नेऊन टाकायचा, बार्जवरच्या विंचने दोर गुंडाळायचा, बार्ज नांगरापर्यंत सरकते, मग नांगर उचलून पुन्हा पुढे. एका खेपेला साठ-सत्तर मीटर. सोबत चापोरीवरच्याच माणसांना मजुरी देऊन दोन ठिकाणी बांडाल बांधले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे अर्धा हात पाणी वाढलं होतं. कार्यालयातून फोन यायचा, आज किती किलोमीटर झालं? मी मीटर सांगायचो.

याच दिवसांत रात्री शेकोटीपाशी सारंगांनी मला विचारलं, “आपके उधर कौन सी नदी है?”

नागपूरला नाग नदी आहे, शहराला नाव दिलेली. तिचं आज काय झालंय ते त्यांना सांगवलं नाही. म्हटलं, वैनगंगा.

“नाव चलता है?”

“पहले चलता था।”

“पानी कितना रहता है? अभी, इस महीने में?”

मला सांगता आलं नाही. आजोळची नदी, तिच्या पाण्यात मी पोहायला शिकलो, आणि नोव्हेंबरात तिच्यात किती हात पाणी असतं ते मला ठाऊक नव्हतं. ते त्यावर काही म्हणाले नाहीत, लाकूड पुढे सारलं. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

परत आल्यावर मी वैनगंगेबद्दल जुनं वाचायला लागलो आणि ज्यावर सहज विश्वास बसू नये असं काहीतरी सापडलं. गोदावरीवर धवळेश्वरचं धरण बांधणारे आर्थर कॉटन यांचा आग्रह होता की या देशाला रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त पडतील. त्यातूनच वरच्या गोदावरीची योजना आली. समुद्रापासून गोदावरी, मग प्राणहिता, मग वर्धा-वैनगंगेकडे वाट करायची आणि हिंगणघाट-नागपूरकडचा कापूस नावांनी खाली न्यायचा. १८६२ ते १८६७ या काळात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असलेले रिचर्ड टेंपल यांनी इथून, नागपुरातून, ही योजना उचलून धरली. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीला. देवलमरी म्हणजे आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात, अहेरी तालुक्यात. खडक टाळून कालवे खोदायचे, पाणी अडवून नाव चढवा-उतरवायला दारं बसवायची. दुम्मागुडेमला बरंच काम झालं. मग १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, आणि १८७१ मध्ये नदीचं काम बंद करण्यात आलं.

रेल्वे आली म्हणून नदी हरली, असं सोपं वाक्य लिहून मोकळं होता येईल. पण मी ते पात्र पाहिलंय. सिरोंच्याला प्राणहिता उन्हाळ्यात पाहिली आहे, चपराळ्याला वर्धा-वैनगंगेचा संगम पाहिला आहे. आमच्या नद्या पावसाच्या आहेत. हिमालयातलं बर्फ त्यांना पोसत नाही. चार महिने दुथडी आणि मग डोह, रेती, गोटे. कॉटन यांचा पाण्यावरचा विश्वास मला मनापासून आवडतो, पण वैनगंगेच्या फेब्रुवारीला त्या विश्वासाने खोली येत नाही. हे घाटावरच्या आबांना ठाऊक होतं. त्यांना कोणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, कुठवर ओझं जाईल आणि कुठून पुढे नाही.

२०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले आणि त्यांत वैनगंगा-प्राणहिताही आहे. यादीत नाव पाहून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण मला त्या यादीहून जास्त भरवसा बांबूवर बांधलेल्या चिंध्यांचा आहे. त्रिपुरातल्या पालाटाना इथल्या ७२६ मेगावॉटच्या वीज प्रकल्पाची अवजड सामग्री अशीच नदीने गेली. कोलकात्याकडून बांगलादेशातल्या नद्यांमधून आशुगंजच्या बंदरापर्यंत, तिथून ट्रेलरने आखाउडामार्गे आगरतळ्याकडे. अवघड डोंगरी रस्त्यांचा मोठा फेरा वाचला. अशा कामाचं मोल मला कळतं. पण वाटेत तितास नदी होती, तिच्यावरचे पूल त्या वजनाचे नव्हते, म्हणून ट्रेलरसाठी पात्रातच भराव टाकला गेला. नदीचा प्रवाह अडला, नावा अडल्या, तिथल्या लोकांनी आवाज उठवला, आणि पुढे भराव काढण्यात आला. एका नदीने पाठीवर आणलेलं ओझं पुढे न्यायला दुसरीचा गळा धरायचा, हे माझ्या धंद्यातल्या माणसांनी करू नये. चार दिवस जास्त लागले तरी चालतील.

आमची बार्ज सातव्या दिवशी साइटच्या काठाला लागली. काठ दीड मीटर उभा, ओल्या रेतीचा. रॅम्प टाकायला जागा नव्हती, क्रेन पलीकडे नव्हती, कारण क्रेन न्यायचा रस्ताच तर आम्ही करायला आलो होतो. काठावर दोन ओंडके पुरून बार्जचे दोर त्यांना आवळले. मग उस्तादांनी पुढची पोकलेन सोडवली, डेकवरूनच बूम लांब केला आणि काठाला हात घातला. रेती ओढायची, दाबायची, पुन्हा ओढायची. बकेट दाबली की बार्ज मागे सरकायची आणि दोर ताणून कण्हायचे. तीन तासांत उतार तयार झाला. त्यावर रेतीची पोती, त्यावर बांबूच्या चटया, त्यावर लोखंडी प्लेटा. मशीनने स्वतःसाठी जमीन केली आणि मग तिच्यावर पाऊल टाकलं. उस्ताद खाली उतरले, पहिल्यांदा जमिनीला हात लावला, मग उमरेडला फोन लावला. “पोचलो. हो, सगळी. जेवलो नाही अजून.”

गेल्या फेब्रुवारीत मी आजोळी गेलो होतो. मामा नाही आता. त्याचं इंजिन मामेभावाने भंगारात घातलं. आबाही केव्हाच गेले. वरच्या अंगाला गोसीखुर्द उभं आहे. १९८८ मध्ये त्याची पायाभरणी झाली, तेव्हा मी बारावीत होतो. आता ३३ दरवाजांपैकी किती उघडे त्यावर खालची नदी ठरते. घाटावर आबांचा नातू मासे धरतो. त्याला म्हटलं, तासभर डोंगा दे, मला पाणी मोजायचं आहे.

“काहून? पूल होऊन राहिला का इथं?”

“नाही रे. सहज.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग बांबू उचलला. मी चिंध्या बांधून आणल्या होत्या. आसामच्या वहीतलं शेवटचं कोरं पान काढलं. घाटासमोर: दीड हात. वीस पावलांवर: एक हात, खाली रेती. तो सरळ गेला नाही, वरच्या अंगाला वळला. मोठ्या डोहाच्या तोंडाशी: साडेचार हात. डोहाच्या मधात बांबू पुरला नाही. मी वाकून पाणी पाहत होतो तेव्हा डोंगा कलला.

“दादा, कडेला नका येऊ,” तो म्हणाला. “मधात बसा.”